थारोळं आणि पाइप

नमस्कार श्रोतेहो.

विहिरीवर मोट चालताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना थारोळं नक्की आठवेल. मोट वर येते, भसकन रिकामी होते आणि पुढची येईपर्यंत वरून थेंबही पडत नाही. तरी पाटातली धार तुटत नाही, कारण मधे थारोळं पाणी धरून असतं. संगणकात एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माहिती जाते तेव्हा मधे असंच थारोळं लागतं. त्याला बफर म्हणतात.

१९६४ साली बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेतल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी एका टिपणात लिहिलं, की बागेतल्या रबरी नळीला आणखी एक तुकडा जोडावा, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत. त्यांनाही पाणीच सुचलं! १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ही सोय संगणक चालवणाऱ्या युनिक्स या प्रणालीत आणली. तोच पाइप.

पाइपमधले दोन प्रोग्राम एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. लिहिणारा आपले बाइट कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, हवाली करतो, वाचणारा ते तिथून उचलतो. युनिक्सच्याच धर्तीच्या लिनक्सवर ही जागा सहसा ६५,५३६ बाइटची, म्हणजे ६४ केबीची असते. ती भरली, की कर्नल लिहिणाऱ्याला झोपवतो. जागा झाली, की उठवतो. रिकामी असेल तर वाचणाऱ्याला थांबवतो. कोण किती वेगानं चालतोय याची एकमेकांना खबर नसते, तरी दहा जीबीची फाइल या एवढ्याशा थारोळ्यातून सुखरूप पार होते. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

पण आणखी एक थारोळं असतं, आणि ते दिसत नाही. एकदा मी चालू सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, टेलनं वाचत होतो. टेल नव्या ओळी येतील तशा पुढे देतो, ग्रेप त्यांतल्या हव्या त्या निवडतो. पाइपनं जोडलेला पुढे एक ग्रेप, त्यापुढे दुसरा ग्रेप. पडदा कोरा. मी दोन तास सर्व्हरमध्येच दोष शोधत बसलो. हवी ती ओळ मात्र पहिल्या ग्रेपच्या पोटात पडून होती, कर्नलपर्यंत पोहोचलीच नव्हती. प्रोग्रामचं लिहिण्याचं काम सी लायब्ररी हा तयार कोडचा संच करतो. आउटपुट पडद्यावर जात असेल तर ही लायब्ररी ओळ पुरी होताच ती सोडते. पाइपमध्ये जात असेल तर साधारण ४,०९६ बाइट साठेपर्यंत हातचं सोडत नाही. त्यात तिची चूक नाही. दर ओळीला कर्नलचं दार वाजवणं महाग पडतं. अशा वेळी पाइप मोठा करून काही होत नाही. ग्रेपला ‘लाइन-बफर्ड’ हा पर्याय दिला आणि ओळी धडाधड येऊ लागल्या. प्रोग्राम मधेच कोसळला तर हा पोटातला साठा त्याच्याबरोबर जातो, म्हणूनच चुकांचे संदेश साठवून न ठेवता लगेच सोडायचा प्रघात आहे.

तरुण प्रोग्रामर मित्रांनो, एका अडकणुकीपासून विशेष जपा. तुमचा प्रोग्राम दुसरा प्रोग्राम चालवतो, दोन पाइप लावतो, एक उत्तरांचा आणि एक चुकांचा, आणि आधी उत्तरांचाच शेवटपर्यंत वाचत बसतो. तिकडे चुकांचा पाइप ६४ केबीला तुडुंब भरतो आणि लिहिणारा झोपतो. हा त्याच्या उत्तराची वाट पाहतो, तो याच्या वाचण्याची. चाचणीत चार-दोनच चुका असतात, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसतं. दोन्ही पाइप पहिल्यापासून बरोबरीनं वाचत राहा, म्हणजे ही वेळ येणार नाही.

नमस्कार.