ब्रेक ढिला झाला की आधी पायाला विचारा

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या अंगणात उभी आहे ती जुनी मारुती आठशे माझी, 1998 ची. बोलणं झालं की तिचं मागचं चाक काढून दाखवणार आहे. पण त्याआधी थोडं बसून ऐका, कारण ब्रेकच्या कामात दोष कुठं आहे हे ठरवण्यातच निम्मं काम असतं.

आपल्याकडं ब्रेक कमी झाला की उपाय ठरलेला. बॉनेट उघडायचं, डबीत ऑइल कमी दिसलं की ओतायचं आणि निघायचं. अहो, ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, ते बंद नळ्यांत असतं. पातळी खाली गेली तर कारणं दोनच. एक तर चाकाच्या चकतीला घासणारे पॅड झिजले, त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन पुढं सरकले आणि त्यांच्यामागची जागा ऑइलनं भरली. नाहीतर कुठंतरी गळतंय. वरून ओतलं की दोन्ही झाकली जातात. म्हणून ओतण्याआधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. टायरच्या आत ओल दिसते का बघा. पेडलच्या वरच्या बाजूला, जिथं दांडा आत जातो तिथंही बोट फिरवा.

आता पाय. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, आणि पेडल सावकाश दाबायचं. एकदा दाबलं तर खोल जातंय, पण भराभर दोन-तीनदा मारलं की वर येतंय? बहुतेक वेळा मागच्या ड्रममधले, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्यातले, त्याला आतून घासणारे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात. हँडब्रेकही तेव्हा नेहमीपेक्षा जास्त दात घेतो. पेडल उशीसारखं मऊ लागलं तर नळीत हवा आहे. दाबून धरलं आणि पाय हळूहळू खाली खाली चाललाय, बाहेर मात्र कुठं थेंब नाही, तर मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या मुख्य सिलिंडरची, आतली रबरं गेली. गाडी एका बाजूला ओढते, तर एका बाजूचा पिस्टन अडकलाय किंवा एका बाजूच्या लायनरला ऑइल लागलंय.

आणि पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही? तेव्हा बूस्टर तपासा, म्हणजे इंजिनच्या ओढीनं पायाला मदत करणारा डबा. इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल मारा, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर ठीक. हललंच नाही तर आधी इंजिनकडून बूस्टरला येणारी रबरी नळी बघा, ती तडकलेली असू शकते. बऱ्याच जुन्या गाड्यांना बूस्टर नसतोच, त्यांचं पेडल मुळातच जड असतं.

हवेनं पेडल मऊ का होतं? ह्या दोन सिरिंज बघा, मधे सलाइनची नळी. आत पाणी भरलंय. इकडचा दट्ट्या दाबला की तिकडचा तेवढाच बाहेर येतो, कारण पाणी दबत नाही. आता एक बुडबुडा आत घेतो. दाबा काका, तुम्हीच दाबा. तुमचा अंगठा पुढं गेला, पण तिकडचा दट्ट्या जागचा हलला नाही. तुमचा जोर तो बुडबुडा दाबण्यात गेला. घाटात तुमच्या पायाचा जोर असाच जातो.

घाटाचं सांगतो. काही वर्षांपूर्वी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरत होतो. घरची मंडळी गाडीत. उतारभर पाय ब्रेकवर ठेवलेला. एका वळणाआधी पेडल थेट तळाला गेलं. खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढत ओढत डोंगराच्या बाजूला गाडी घासून थांबवली. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा घट्ट! गळती नाही, काही नाही. कुणी म्हणालं भास झाला असेल. भास नव्हता. माझं ऑइल सहा वर्षं बदललेलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं, आणि आपला खानापूरकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. डब्यावर डॉट 3, डॉट 4 अशी ऑइलची प्रत लिहिलेली असते. डॉट 3 चं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी गेलं की ही हद्द 140 अंशांवर येते. डॉट 4 ची 230 वरून 155 वर. तापलेल्या कॅलिपरमध्ये माझं ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि पेडल परत आलं. ती चूक माझी होती, आणि ती तुमच्यापैकी कुणाकडून होऊ नये म्हणून मी आज इथं आलोय. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. गाडी कमी फिरली तरी बदला.

बदलायला दोन माणसं लागतात. आमच्या घरी मुलगी पेडलवर बसते. चाकाच्या मागं ब्लीड निप्पल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायची छोटी तोटी असते, त्यावर रिंग पाना आणि पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. मी म्हणतो ‘दाब’, ती दाबते. ‘धर’ म्हणालो की धरून ठेवते. मी निप्पल पाव फेरा सोडतो, काळपट ऑइल आणि बुडबुडे निघतात, निप्पल घट्ट करतो आणि मगच ‘सोड’. हा क्रम उलटला तर हवा आत ओढली जाते. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या गाड्यांत सहसा मागचं डावं. काही गाड्यांत नळ्या तिरक्या जोडलेल्या असतात, तिथं गाडीच्या पुस्तकातला क्रम पाळा. डबी मधेच रिकामी होऊ देऊ नका.

आणि पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा. मी बेळगावच्या उद्यमबागेत 31 वर्षं बोअरिंग-होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून कातून घासायचं काम केलं, असे मास्टर सिलिंडर हातात घेऊन बघितलेत. पिस्टन रोज जिथपर्यंत जातो तिथपर्यंत बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, आरशासारखा असतो, त्याच्यापुढं गंज धरलेला असतो. ब्लीड करताना पेडल तळाला नेलं की रबराची कड त्या गंजावरून फिरते आणि फाटते. सकाळी नुसता मऊ असलेला ब्रेक संध्याकाळी पूर्ण जातो.

साफ करायला पेट्रोल, डिझेल वापरू नका, रबर फुगतं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो छातीत जातो. ओल्या फडक्यानं पुसा. पॅडचा मसाला तीन मिलिमीटरवर आला की जोडी बदला, दोन्ही बाजूंची.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कुणी जायचं नाही. आपल्याकडं चिरा, म्हणजे जांभा दगड, हाताशी असतो म्हणून लोक चिऱ्यावर गाडी टेकवतात. चिरा दाबाखाली कधी फुटेल सांगता येत नाही. लोखंडी स्टँड घ्या आणि बाकीच्या चाकांना लाकडी उटी लावा.

लोखंडी नळी गंजलेली दिसली, मास्टर सिलिंडरचा बोअर खड्डे पडलेला निघाला, किंवा गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा असेल, तर ते काम मेस्त्रीकडं द्या. पण जाताना दोष नीट सांगा. कुणी ‘ब्रेक लागत नाही’ म्हणतं, कुणी कन्नडमध्ये ‘ब्रेक हिडीवल्दु’. तेवढ्यानं मेस्त्रीला काही कळत नाही. ‘पेडल धरलं की खाली बसतं, बाहेर गळती नाही’ असं सांगितलं की तो सरळ मास्टर सिलिंडरकडं जाईल.

काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगानं. मग थोडा वेग. ऊसाच्या हंगामात निपाणीच्या रस्त्यावर अंधारात पुढं बिनलाइटची ट्रॉली उभी असते, त्या वेळी पहिल्यांदा ब्रेक तपासायचा नसतो.

चला, अंगणात. चाकांना उटी लावलेली आहे. एकानं पेडलवर बसा, आणि मी ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय उचलू नका.