कोट फिकट की पातळ?

नमस्कार श्रोतेहो.

'शी केम अक्रॉस द ब्रिज इन अ लाइट कोट.' ती लाइट कोट घालून पुलावरून आली. स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात, मी स्लोव्हेन शिकत होते, तेव्हा वर्गात आम्हाला एक छोटी इंग्रजी गोष्ट स्लोव्हेनमध्ये उतरवायला दिली होती. तिचं हे पहिलंच वाक्य. ती, पूल, कोट, हे शब्द मला येत होते. गाडी अडली ती लाइटपाशी. शब्दकोश उघडला तर लाइटसाठी अख्खा रकाना भरलेला, आणि सुरुवातीलाच दोन शब्द समोर उभे: लाहक आणि स्वेतल. लाहक म्हणजे वजनाला कमी. स्वेतल म्हणजे उजळ, फिकट रंगाचा. स्वेतल लिहिताना शेवटी ल येतो, पण बोलताना ओठ गोल होऊन तो व सारखा उच्चारतात. स्त्रीलिंगी स्वेत्ला म्हणताना मात्र तो ल परत ऐकू येतो.

मी बाईंना विचारलं, यातला कुठला घालू? त्या म्हणाल्या, "तुम्ही तो कोट पाहिलात का?"

मी पाहिला नव्हता. वाक्य वाचलं होतं, समजलंही होतं, पण कोट डोळ्यांसमोर आलाच नव्हता. इंग्रजीत वाचताना तो आणावा लागतही नाही. लाइट हा शब्द दोन्ही कोट एकाच खुंटीला टांगून ठेवतो.

याचं कारण जुनं आहे. इंग्रजीत हे मुळात दोन वेगळे शब्द होते, वजनाचा एक आणि उजेडाचा एक. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतच त्यांचं रूप सारखं होऊन गेलेलं दिसतं. शेजारच्या जर्मनने ते वेगळे राखले: वजनाला लाइख्ट, उजेडाला लिख्ट. स्लोव्हेनमध्ये तर त्यांची गाठ पडायचा प्रश्नच नव्हता.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. स्लोव्हेनमधला लाहक आणि आपला लघु हे एकाच मुळाचे शब्द आहेत. लघुपासून प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन हलुअ झालं, त्यातून आपलं हळू आलं. हलकाही त्याच घरचा. आणि स्वेतल? तो आपल्या श्वेतचा भाऊ. इंग्रजीतला व्हाइटही त्याच कुळातला. आल्प्सच्या पायथ्याशी, जेमतेम एकवीस लाख लोकांच्या देशात, 1550 साली जिची पहिली पुस्तकं छापली गेली त्या भाषेत, लघु आणि श्वेत रोज बाजारात भेटतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वहीत दोन्ही शब्दांभोवती चौकट काढली होती. आपल्यासारखंच तिथलं विशेषणही नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: लाहक, लाहका, लाहको, जसं हलका, हलकी, हलकं. संस्कृतातलं द्विवचनसुद्धा तिथे रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, दोन कोटांना एक रूप आणि तीन कोटांना दुसरं.

पण नातं आहे म्हणून मराठीतला हलका उचलून चालत नाही. 'हलका कोट' असं मी मराठीत लिहिलं तर तुमच्या मनात काय येईल? स्वस्तातला, कमी प्रतीचा कोट. आपला हलका माणसाच्या योग्यतेपर्यंत उतरतो. हलकं बोलणं, हलक्या मनाचा. शेतकऱ्याला हलकी जमीन म्हटलं की मुरमाड, कमी खोलीची, पाणी न धरणारी जमीन दिसते. स्लोव्हेनियातले शेतकरीही वाळूमिश्रित जमिनीला लाहकच म्हणतात. आणि आपण ज्याला हलक्या कानाचा म्हणतो, कुणी काही सांगितलं की लगेच खरं मानणारा, त्याला स्लोव्हेनमध्ये लाहकोवेरेन म्हणतात. त्यांचा विश्वास हलका, आपला कान हलका.

इंग्रजीतला लाइट पुढेही कुठेकुठे जातो. लाइट रेन, लाइट स्लीप. इथे स्लोव्हेन माणूस लाहक सोडून राहेल हा तिसराच शब्द काढतो. तो मूळचा सैल, भुसभुशीत अशा अर्थाचा. खुरपून मोकळी केलेली माती राह्ला. झोपही तशीच, घट्ट न विणलेली, जरा आवाज झाला की उसवणारी. आपण तिला सावध झोप म्हणतो. एकाच झोपेकडे एक भाषा वजन म्हणून बघते, एक वीण म्हणून, आणि आपली भाषा कान टवकारून बसलेल्या माणसासारखी. न्यायाधीशाने दिलेली लाइट शिक्षा स्लोव्हेनमध्ये मिला होते, म्हणजे सौम्य. आणि लाइट फिंगर्ड, म्हणजे चोरटा, त्याला तिथे दोल्गोप्रस्त म्हणतात: लांब बोटांचा! या शब्दावर वर्गात आम्ही सगळे आपापली बोटं बघत बसलो होतो.

लाहक त्या लोकांच्या तोंडी किती बसलाय ते दुकानात कळतं. लाहको म्हणजे सहज, आणि त्यावरूनच परवानगीही. कपडे घालून बघायचे असतील तर 'लाहको पोमेरीम?' घालून बघू का? दारात उभं राहून आत यायचं असेल तरी आधी लाहको. रात्री निरोप घेताना 'लाहको नोच', शब्दशः हलकी रात्र. इंग्रजीत रात्र गुड असते, आपली शुभ. तिथे ती अंगावर हलकी असावी असं एकमेकांना म्हणतात.

आणि 1 नोव्हेंबरला मी ल्युब्लियानाच्या 'झाले' नावाच्या स्मशानभूमीत गेले होते. योझे प्लेच्निक या वास्तुरचनाकाराने तिथलं पांढऱ्या खांबांचं प्रवेशद्वार उभारलं आहे. त्या दिवशी घराघरांतून माणसं येतात, थडगी पुसतात, शेवंती ठेवतात, लाल काचेतले दिवे लावतात. अंधार पडला की दिव्यांच्या ओळी लांबवर दिसत राहतात. माझ्या शेजारी एक आजी वाकून दिवा लावत होत्या. वात दोनदा विझली, तिसऱ्यांदा धरली. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "नाय ती बो लाहका झेम्ल्या." तुला माती हलकी होवो. मृत्यूच्या बातम्यांमध्ये हे वाक्य मी वाचलं होतं, वाचून पुढेही गेले होते. त्या संध्याकाळी पायाखालची ओली माती बघताना लाहकचं वजन कळलं. इंग्रजीतून स्लोव्हेनमध्ये येताना लाइटसाठी लाहक लिहिणारा माणूस हे सगळं नकळत सोबत आणतो.

तर तो कोट. बाईंच्या प्रश्नानंतर मी गोष्ट शेवटपर्यंत वाचली. संध्याकाळ आहे. मुलगा पुलाच्या या टोकाला उभा आहे, धुकं आहे, आणि त्याला पलीकडून ती येताना दिसते. दोन परिच्छेदांनंतर ती जवळ येते, तेव्हा थंडीने कुडकुडते आहे, हात काखेत धरले आहेत. म्हणजे कोट पातळही होता. इंग्रजी लेखकाला एका शब्दात दोन्ही मिळालं होतं. मला एकच घ्यायचा होता.

मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले. मग मुलाच्या जागी उभी राहिले. धुक्यात, पुलाच्या त्या टोकाला, कापडाची जाडी कुठून दिसणार? दिसतो तो रंग. मी स्वेतल लिहिलं. पातळपणा लिहिलाच नाही. ती जवळ आल्यावर तिचे काखेत धरलेले हात तो सांगणार होते. बाईंनी वही बघितली, स्वेतलवर बोट ठेवलं आणि विचारलं, "पाहिलात ना?"