मोळीचा भाव

श्रोतेहो, नमस्कार.

सरपण म्हटलं की आपल्याला जंगल आठवतं. पण चुलीत काय जळतं, हे गाव कुठे वसलंय त्यावर ठरतं. विदर्भात कपाशी निघाली की पऱ्हाटी, तूर निघाली की तुराट्या, सोलापूरकडे वेडी बाभूळ, कोकणपट्टीत झावळ्या आणि करवंट्या. जसा गावचा शिवार, तसं सरपण.

विक्रीचंही तेच. माथेरानच्या उतारावरच्या एका ठाकरवाडीतल्या आजी मला नेरळच्या बाजारात भेटल्या. पहाटे अंधारात निघालेल्या, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी. चुंबळ जुन्या लुगड्याचीच हवी बरं का! टॉवेलची सरकते आणि मान धरते. माझी आई हे नेहमी सांगायची.

मी विचारलं, "आजी, वाडीतच का नाही विकत?"

"वाडीत कोण घेणार? सगळ्यांच्या दारात लाकूड."

गिऱ्हाईक आलं, भाव पाडून मागू लागलं. आजी नाही म्हणाल्या. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन चढलं तसा तोच माणूस परत आला आणि सकाळपेक्षाही कमी बोलला. त्याला पक्कं ठाऊक, म्हातारी ही मोळी घेऊन पुन्हा डोंगर चढणार नाही. आजींनी मोळी उचलली आणि मागच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या पडवीत नेऊन टाकली.

"आता उद्या विकीन. त्या घरच्या बाईला खेपेला चार फाटी देते. पडवी मिळाली तेव्हापासून भाव मी सांगते."

पुन्हा सांगतो, श्रोतेहो: लाकूड तेच, मोळी तीच. पायथ्याशी पडवी मिळाली आणि भाव टिकला.

"मग घरी काय जाळता?"

"काटक्या, पाला. ऐन-धावड्याचं चांगलं लाकूड खाली येतं, विकायला."

कमी लाकडात, कमी धुरात जळणाऱ्या सुधारित चुली करणाऱ्यांनी या आजींना आधी विचारावं. लहान तोंडाच्या चुलीला लाकूड बारीक फोडावं लागतं, आणि कुऱ्हाड शेवटी बाईच्याच हातात येते.

2016 साली उज्ज्वला योजना आली, गॅस वाड्यांवर पोचला. पण गाडी थांबते डांबरी रस्त्यावर. आत गॅस 14.2 किलो, लोखंडासकट सिलिंडर 30 किलोंच्या घरात. म्हणजे मोळीएवढंच ओझं, आणि तेही चढणीला. त्यामुळे वाडीत गॅस चहाला आणि पाहुण्यांना. भाकरी चुलीवर, आणि अंघोळीचं पाणी तर चुलीवरच.