घरभाडं कोण भरत होतं?

(व्याख्यानाचा संपादित भाग)

एकोणिसाव्या शतकात रोममध्ये एकमेकींच्या साथीने राहणाऱ्या कलावंत बायकांवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्या बायकांचं खरंच ‘तसं’ होतं का? होतं. पत्रं आहेत, अंगठीचा उल्लेखही आहे. तिथे मी येणारच आहे. पण नुसतं कोणाचं कोणावर मन जडलं एवढं सांगून भागत नाही. रोममधल्या त्यांच्या घराचं भाडं कोण भरत होतं, हेही विचारायला हवं.

भरत होती शार्लट कुशमन. १८१६ साली बॉस्टनला जन्मलेली नटी. वडिलांचा धंदा बसला आणि घराचा भार हिच्यावर आला. गायिका व्हायला निघाली होती, पण आवाजाने दगा दिला, म्हणून नाटकात आली. १८४५ च्या डिसेंबरात लंडनच्या हेमार्केट थिएटरात ती रोमिओ म्हणून उभी राहिली. ज्युलिएट कोण, तर सख्खी धाकटी बहीण सुझन! बालगंधर्वांच्या शालूवर जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांना यात काय नवल वाटणार म्हणा. पण तिकडे टीकाकारांचा सूर असा होता की, पुरुष नटांपेक्षा हिचाच रोमिओ जिवंत वाटतो. शिवाय दोघी बहिणीच, त्यामुळे नाक मुरडायलाही फारसा वाव नव्हता. अशा भूमिकांवर तिने बक्कळ पैसा कमावला.

१८५२ मध्ये ती रोमला गेली. सोबत मॅटिल्डा हेज, फ्रेंच लेखिका जॉर्ज सांदच्या कादंबऱ्यांची इंग्रजी अनुवादक. दोघी सारखेच कपडे घालत. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग त्यांना भेटली आणि बहिणीला तिने कळवलं की, या दोघींनी आयुष्यभर एकमेकींच्या राहण्याच्या शपथा घेतल्या आहेत, हे बायकाबायकांचं लग्नच आहे. पत्रात कुतूहल आहे, आरडाओरडा नाही.

कुशमनभोवतीच्या याच टोळीत बावीस वर्षांची हॅरिएट हॉस्मर होती. तिला शिल्पकार व्हायचं होतं आणि त्यासाठी शरीररचना शिकायची होती. मुलगी म्हणून दारं बंद, तेव्हा सेंट लुइसला जाऊन शिकली. तिथल्या मैत्रिणीचे वडील वेमन क्रो तिचे आश्रयदाते झाले. रोममध्ये शिल्पकार जॉन गिब्सनने तिला शिष्य करून घेतलं. १८५४ मध्ये तिने क्रोंना लिहिलेलं पत्र मला फार आवडतं. कलावंताने लग्नाच्या भानगडीत पडू नये, असं ती म्हणते. पुरुषाचं एक वेळ चालेल, पण बाईवर संसाराचा बोजा इतका पडतो की एकतर काम बिघडतं, नाहीतर घर. हे वाचलं की दुसऱ्या बाईबरोबर राहण्याला आणखी एक अर्थ येतो. तिथे जीव लावायला माणूस होतं आणि सकाळी उठून माती मळायला मोकळीकही होती.

आता या हॉस्मरवर काय बालंट आलं बघा. तिने साखळदंडांतली झेनोबिया, म्हणजे प्राचीन सीरियातली एक राणी, घडवली. १८६३ मध्ये लंडनच्या नियतकालिकांत छापून आलं की, हे काम तिचं नाहीच, इटालियन कारागिरांचं आहे. खरं तर शिल्पकाराने मातीत मूर्ती करायची, तिचा प्लास्टरचा साचा काढायचा, मग कारागिरांनी मापं घेत संगमरवर कोरायचा, ही त्या काळची सर्रास रीत. गिब्सनही तसंच करत. त्यांना कोणी जाब विचारला नाही. हॉस्मरने अब्रुनुकसानीचा धाक घातला आणि १८६४ मध्ये मासिकात लेख लिहून ही सगळी प्रक्रिया जगाला समजावून सांगितली.

कुशमनचं आणि हेजचं १८५७ मध्ये बिनसलं, पैशांवरून कटुताही आली. मग तिच्या आयुष्यात एमा स्टेबिन्स आली, तीही शिल्पकार. लगोलग १८५८ मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यावर, कुशमनचा जीव वेमन क्रोंच्याच लेकीवर, तरुण एमा क्रोवर जडला. तिला लिहिताना कुशमन बजावते की, माझं लग्न झालेलं आहे (म्हणजे स्टेबिन्सशी) आणि त्याची खूण मी डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटात घालते. तरी पत्रं थांबली नाहीत! १८६१ मध्ये एमा क्रोने कुशमनच्या भाच्याशी, म्हणजे तिच्याच दत्तक मुलाशी, लग्न केलं. प्रेयसी सून होऊन घरात आली. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. स्टेबिन्सला हे सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही.

न्यूयॉर्कला मुलांकडे जाणारी आपली मंडळी सेंट्रल पार्कातल्या बेथेस्डा कारंज्यापुढे हमखास फोटो काढतात. त्यावरची पंख पसरलेली ब्राँझची देवदूत स्टेबिन्सची, १८७३ मध्ये अनावरण झालेली. शहराला क्रोटन नदीचं शुद्ध पाणी मिळालं, त्याचं ते स्मारक. स्टेबिन्सचा भाऊ उद्यानाच्या मंडळावर होता, हे खरं. पण कुशमननेही तिच्या कामांसाठी श्रीमंतांचे उंबरठे झिजवले होते. दरम्यान कुशमनला स्तनाचा कर्करोग झाला. स्टेबिन्सचा बराच वेळ तिच्या शुश्रूषेत गेला.

१८७६ मध्ये कुशमन गेली. दोन वर्षांनी स्टेबिन्सने तिच्या पत्रांचं आणि आठवणींचं पुस्तक काढलं, त्यात खासगी गोष्टी झाकूनच ठेवल्या. एमा क्रोला तर कुशमनने पत्रं जाळून टाक म्हणून सांगितलं होतं. सुनेने सासूचं ऐकलं नाही. ती पत्रं आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.