कच्छच्या शेलमधले अमोनाइट : गोळा कसे करायचे, ओळखायचे कसे

नमस्कार मंडळी. आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात शाळिग्राम असेल. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात मिळणारा शाळिग्राम म्हणजे ज्युरासिक काळातल्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखल दाबून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकात, तयार झालेला टणक गोळा, आणि त्यातलं चक्र म्हणजे अमोनाइट : माकूळ, नळ यांच्या दूरच्या नात्यातला, कवच असलेला समुद्रप्राणी. तो पाण्याने वाहून आणलेला असतो, त्यामुळे नेमका कुठल्या थरातला हे सांगणं अवघड. देवघरात त्याने काही बिघडत नाही. अभ्यासात मात्र तिथेच सगळं अडतं, आणि आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

महाराष्ट्रातल्या बेसाल्टमध्ये अमोनाइट शोधू नका. तो लाव्हा आहे, आणि त्याच्या दोन थरांमध्ये नागपूरकडे जे शंख मिळतात ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे कच्छ. विल्यम वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात इथल्या अमोनाइटांवर ग्रंथ लिहिला, १९२७ ते १९३३ मध्ये स्पाथ यांनी त्याची फेरतपासणी केली, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही कच्छच्या जीवाश्मांवर बरंच काम झालं आहे. म्हणजे आपण आणलेला नमुना ताडून बघायला साहित्य भरपूर आहे.

उदाहरणाला भुजच्या वायव्येचा जुमारा घुमट घेऊ. मोठ्या रणाच्या काठावर जमीन घुमटासारखी वर उचलली गेली आणि माथा झिजून गेला. त्यामुळे सर्वांत जुने खडक मध्यभागी उघडे पडले आहेत आणि बाहेर जावं तसे नवे थर लागतात. मध्यावर चुनखडक, त्यातच प्रवाळ आणि स्पंज. त्याभोवती शेलच्या सखल पट्ट्या. आणि बाहेरच्या कड्यावर ढोसा ऊलाइट नावाचा टणक, तपकिरी थर. काळ साधारण साडेसोळा ते सोळा कोटी वर्षांपूर्वीचा. ही रचना डोक्यात पक्की करूनच उतरा, कारण थरांचा उतार बाहेरच्या बाजूला असला तरी कड्याची उभी भिंत आत, म्हणजे शेलकडे तोंड करून असते. वरच्या नव्या थरातला अमोनाइट निखळला की गडगडत खालच्या जुन्या शेलवर येऊन बसतो. दिसायला तो शेलमधूनच निघाल्यासारखा दिसतो.

यावर पहिला उपाय म्हणजे नमुना लगेच पुसायचा नाही. त्याला चिकटलेला खडक भिंगातून बघायचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. त्यात खसखशीच्या दाण्यांसारखे गोल, तांबूस कण दिसले तर तो ढोसा ऊलाइटमधून आलेला. मऊ, राखाडी, नखाने खरवडता येणारी माती असेल तर शेलमधला असण्याची शक्यता जास्त. काहीच चिकटलेलं नसेल तर वहीत सरळ ‘सुटा’ असं लिहायचं. सुटा नमुना टाकून द्यायची गरज नाही, पण तो ‘थरातून काढलेला’ म्हणून नोंदवला तर मागून येणाऱ्या प्रत्येकाची दिशाभूल होते. एकेका अमोनाइट जातीचं आयुष्य भूशास्त्राच्या हिशेबात फार थोडं, म्हणूनच तर त्यांच्यावरून खडकाचं वय ठरवता येतं.

निसर्गानेही हा घोळ घालून ठेवला आहे. ढोसा ऊलाइटच्या अगदी माथ्यावर ढोसा कॉंग्लोमरेट नावाचा पातळ थर आहे. तिथे गाळ साचण्याचा वेग जवळजवळ थांबला होता, जुने जीवाश्म उकरले गेले, झिजले आणि नव्यांबरोबर पुन्हा पुरले गेले. त्या एका थरात वेगवेगळ्या काळांतले अमोनाइट शेजारी शेजारी मिळतात. नमुन्याची एक बाजू घासलेली असेल किंवा त्याच्या मोडलेल्या कडेवर किड्यांच्या नळ्या चिकटलेल्या असतील, तर तो पुरल्यावर पुन्हा उघडा पडला होता असं समजा.

आता शेलविषयी. शेल म्हणजे समुद्रतळाचा चिखल दाबून पापुद्रे झालेला. इथल्या शेलमध्ये जिप्समच्या चकचकीत पट्ट्या असतात. लोक त्या बघून खाऱ्या सरोवराच्या गोष्टी करतात, पण यातलं पुष्कळसं जिप्सम नंतरचं आहे. शेलमध्ये पायराइट असतो, म्हणजे लोह आणि गंधक. हवा-पाणी लागलं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं, ते शिंपल्यांतल्या चुन्यावर काम करतं आणि जिप्सम बनतं. थोडक्यात, जिप्सम जितकं जास्त, तितके शिंपले विरघळलेले. त्यातही अमोनाइट आणि ट्रायगोनियासारख्या शिंपल्यांचं कवच अरागोनाइटचं, म्हणजे चुन्याच्या लवकर विरघळणाऱ्या प्रकाराचं. ते आधी जातं आणि नुसता साचा उरतो. बेलेम्नाइट (माकुळाच्या नात्यातल्या प्राण्याचा कठीण भाग) आणि कालवांच्या जातीचे शिंपले कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या जास्त टिकाऊ प्रकाराचे, असल्यामुळे टिकतात. म्हणून पृष्ठभागावर बेलेम्नाइट आणि ग्रिफिया नावाची कालवंच दिसली, तर तिथे तेवढेच प्राणी राहत होते असा निष्कर्ष काढू नका. हातभर खोल चर खणा. खालचा शेल गडद, ओलसर आणि घट्ट लागला की खरी यादी तिथे मिळते.

शेलमधला अमोनाइट बहुधा चपटा झालेला असतो, कारण चिखल दबताना तोही दबला. पण शेलमध्ये मधूनमधून चुनखडी गोळ्यांच्या ओळी असतात. हे गोळे चिखल दबण्याआधीच घट्ट झाले, त्यामुळे आतला अमोनाइट फुगीर राहतो. गोळा फोडताना मधोमध घाव घातला तर जीवाश्म आडवा तुटतो. आधी गोळ्याची कड धुऊन सगळीकडून बघा. कवचाची बारीक पांढरी किंवा तपकिरी रेघ दिसली तर छिन्नी त्या रेघेच्या पातळीत लावायची आणि गोळा फिरवत हलके ठोके द्यायचे. आठशे-नऊशे ग्रॅमचा भूशास्त्रीय हातोडा पुरेसा आहे. सुताराचा हातोडा नको, त्याचं पोलाद चिपा सोडतं. डोळ्यांवर गॉगल हवाच. गोळा फडक्यात गुंडाळून फोडला तर तुकडे उडून हरवत नाहीत. दोन्ही भाग आणा. एकावर उठाव असतो, दुसऱ्यावर ठसा, आणि कंगोऱ्यांचं बारीक काम बहुतेक वेळा ठशावरच जास्त स्पष्ट असतं.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाने नवा माल धुऊन काढलेला असतो आणि ऊन सोसवतं. जाड तळाचे बूट घाला, वेड्या बाभळीचे काटे साध्या चपलेतून आरपार जातात. दगड उलटताना आधी हातोड्याने हलवा, हा फुरशांचा मुलूख आहे. जमीनमालक किंवा वनखातं, जे असेल त्याची परवानगी आधी घ्या. जवळचं छारी-ढंढ हे राखीव क्षेत्र आहे, तिथून काही उचलायचं नाही.

प्रत्येक थराला तळापासून क्रमांक, जाडी टेपने मोजून, रंग आणि कठीणपणा लिहून. नमुन्याचा क्रमांक असा द्या की त्यातच थर कळेल : ‘जु-७-१२’, म्हणजे जुमारा, सातवा थर, बारावा नमुना. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मग नमुन्याबरोबर ठेवा. ओल्या शेलबरोबर उघडी चिठ्ठी टाकली तर घरी पोचेपर्यंत तिचा लगदा होतो. शेलचे पापुद्रे वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि घरी आल्यावर सावलीत, तसेच गुंडाळलेले, सात-आठ दिवस वाळू द्या. उन्हात ठेवले तर वरचा थर आधी आकसतो आणि जीवाश्मासकट पापुद्रा निघून येतो.

वाळल्यावर भुसभुशीत वाटणाऱ्या नमुन्याला शंभर मिलिलिटर ॲसिटोनमध्ये पाच ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ (जीवाश्म घट्ट करायला वापरतात ती राळ) विरघळवून ते ब्रशने पाजायचं. नमुना पुरता कोरडा हवा, नाहीतर पांढरी साय धरते. वॉर्निश आणि सुतारकामाचा पांढरा गोंद दोन्ही टाळा. ते वरच बसतात, आत शिरत नाहीत, आणि पुढे काढता येत नाहीत. साफसफाईला जुना टूथब्रश, सुई, लाकडी काडी. आम्ल किंवा व्हिनेगर नको, कारण तुमचा जीवाश्मच चुन्याचा आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब खडक तपासायला वापरा, नमुना साफ करायला नाही.

बारीक जीवाश्मांसाठी शेल धुवावा लागतो आणि इथे बहुतेकांचं एकच चुकतं : ओला शेल पाण्यात घालतात. तो ढेकूळच राहतो. किलोभर शेल सुपारीएवढा फोडून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, रॉकेलमध्ये तास-दोन तास बुडवा, रॉकेल ओतून घ्या आणि मग गरम पाणी घाला. पाणी आत शिरताना रॉकेलला बाहेर ढकलतं आणि ढेकूळ फुटत जातं. जवळ ज्योत नको, खिडक्या उघड्या ठेवा. फुटला नाही तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळा. मग दोन मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर आणि ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीतून हलक्या धारेखाली चाळा. दुसरा नमुना चाळण्याआधी चाळणी मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवा. मागच्या नमुन्याचा एखादा कण जाळीत अडकला असेल तर तो निळा होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळा कण दिसला की तो बाजूला काढता येतो.

आता ओळख. दोन शिंपांचा जीवाश्म हातात आला की आधी सममितीची रेघ कुठून जाते ते बघा. रेघ दोन शिंपांच्या मधून जात असेल, म्हणजे डावी-उजवी शिंप एकमेकींच्या प्रतिमा असतील, तर तो शिंपला, ट्रायगोनियासारखा. रेघ प्रत्येक शिंपेच्या मधून उभी जात असेल आणि एक शिंप मोठी, तिच्या चोचीला भोक असेल, तर तो ब्रॅकिओपॉड, पूर्णपणे वेगळा प्राणी. कालवांमध्ये हा नियम फसतो, कारण त्यांच्या दोन शिंपा कधीच सारख्या नसतात. तिथे आतला स्नायूचा एकुलता मोठा व्रण शोधा. बेलेम्नाइट बंदुकीच्या गोळीसारखा, आडवा तोडला तर मध्यापासून निघणाऱ्या कॅल्साइटच्या किरणरेषा दिसतात. क्रिनॉइडची (देठ असलेला, तारामाशाच्या नात्यातला समुद्रप्राणी) चकती तोडली तर तिच्या भेगा सपाट आणि लखलखीत असतात, कारण प्रत्येक चकती एकाच स्फटिकाची.

अमोनाइटसाठी व्हर्नियर घ्या आणि चार मापं लिहा : व्यास, वेटोळ्याची उंची, जाडी आणि नाभीची रुंदी. नाभी म्हणजे मधली खोलगट जागा, जिथे आतली वेटोळी दिसतात. व्यास ९० मिलिमीटर आणि नाभी १४ असेल तर प्रमाण साधारण १६ टक्के. बाहेरचं वेटोळं आतल्यांना झाकून टाकतं. असा फुगीर, बारीक दाट कंगोऱ्यांचा, आणि हे कंगोरे बाहेरच्या कडेवरून न तुटता पलीकडे जातात, गाठी नाहीत, तर मॅक्रोसेफॅलायटीस धरा. नाभी व्यासाच्या ४० टक्क्यांच्या आसपास, बाजूला गाठी, त्यांतून कंगोऱ्यांचे झुबके फुटलेले आणि बाहेरच्या कडेवर कंगोरे तोडणारी गुळगुळीत खाच, असा तो रायनेकिया. नाभी तेवढीच रुंद पण गाठी नाहीत, कंगोरे दुभंगतात आणि कडेवरून सलग जातात, मधूनमधून वेटोळं आवळल्यासारखं दिसतं, तर पेरिस्फिंक्टीसच्या गोतावळ्यातला. प्रमाण वयाप्रमाणे बदलतं, म्हणून कुठल्या व्यासाला मोजलं ते लिहिल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

नागमोडी शिवणरेषा, म्हणजे कवचाच्या आतले पडदे भिंतीला जिथे जुळतात त्या रेषा, फक्त आतल्या साच्यावर दिसतात. कवच शाबूत असेल तर त्या दिसणारच नाहीत. शेवटच्या शिवणरेषेपुढे प्राण्याची राहायची खोली. शेवटच्या दोन-तीन रेषा दाटीने आल्या असतील तर प्राणी पूर्ण वाढलेला होता. नसतील तर हाताला लागलेला तुकडा पिल्लू आहे की मोडका प्रौढ, हे आधी ठरवा. आणखी एक गुंता : एकाच जातीत मोठं आणि लहान अशी दोन रूपं असतात, लहानाच्या तोंडाशी कानासारखे दोन पडदे असतात. माकोव्स्की आणि कॅलोमन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही नर-मादीची जोडी असल्याचं मांडलं. त्याआधीच्या ग्रंथांत, स्पाथ यांच्याही, ही दोन रूपं वेगवेगळ्या नावांनी आली आहेत. म्हणून जुन्या ग्रंथातल्या चित्राशी नमुना जुळला तरी ते नाव आज चालतं का, हे वेगळं तपासावं लागतं.

आणि आता त्या गडगडत आलेल्या अमोनाइटकडे. ढोसा ऊलाइटमध्ये मायाइटीस मिळतो. फुगीर, अरुंद नाभीचा, मॅक्रोसेफॅलायटीससारखाच, पण त्याच्यापेक्षा काही दशलक्ष वर्षांनी अलीकडचा. नुसत्या रूपावरून नवशिका इथे हमखास फसतो. चिकटलेल्या खडकात तांबूस कण आहेत का, आणि वहीत थराचा आकडा आहे का, या दोन गोष्टींवर निवाडा होतो. त्या दोन्ही नसतील तर चिठ्ठीवर जातीचं नाव लिहू नका. ‘मॅक्रोसेफॅलायटीस किंवा मायाइटीस, सुटा’ एवढंच लिहा.

नमुन्यात पितळेसारखी चमक असेल तर तो पायराइट. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तो हळूहळू पांढऱ्या-पिवळ्या भुकटीत बदलतो, आणि त्यातून निघणारं आम्ल चिठ्ठी आणि खोकाही खातं. असे नमुने पाण्याने धुऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला, आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये वाळवून परत ठेवा. भुकटी सुटायला लागलेला नमुना इतरांपासून लगेच वेगळा करा, त्याचे फोटो काढा आणि चिठ्ठीची नक्कल करून दुसऱ्या डब्यात ठेवा.