दुसऱ्याच्या ओसरीवरचा कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार.

दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे आपण इथले मराठी लोक अभिमानाने सांगतो. 1913 मध्ये त्यांनी हरिश्चंद्राची कथा पडद्यावर आणली, तेव्हा ती सांगणाऱ्याच्या घरची होती आणि बघणाऱ्याच्याही. कीर्तनात ऐकलेली, आजीकडून आलेली. परवानगी कुणाची घ्यायची, हा प्रश्नच नव्हता. आज आपल्या शहरातली मुलं कॅमेरा घेऊन शंभरेक किलोमीटरवर छोटा उदेपूरला जातात, तेव्हा मात्र ती दुसऱ्याच्या ओसरीवर उभी असतात. तिथे विचारावं लागतं. आणि आपण फार कमी विचारतो.

छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींच्या पिठोऱ्याचंच घ्या, म्हणजे घराच्या भिंतीवर काढलेल्या घोड्यांच्या चित्रांचं. ते घोडे आता कुर्त्यांवर, पिशव्यांवर दिसतात आणि आपण त्यांना ‘चित्र’ म्हणून मोकळे होतो. राठवांसाठी पिठोरा हा नवस आहे. घरात दुखणं आलं, पीक गेलं, जनावर दगावलं की बाबा पिठोरा या देवाला नवस बोलायचा आणि ऐपत होईल तेव्हा भिंतीवर चित्र काढून घेऊन फेडायचा. ओसरीची भिंत कुमारिका शेणामातीने सारवतात, वर पांढरी माती देतात. मग लखारे, म्हणजे ही चित्रं काढणारे, रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवून घोडे काढायला घेतात. चित्र पुरं झालं म्हणजे काम संपलं असं नाही. बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, येतो, गात गात एकेक आकृती ओळखतो, राहिलेलं असेल ते भरून घ्यायला लावतो. त्यानंतर देव भिंतीवर आले असं मानतात. आता अशा भिंतीचा तुकडा उचलून कुणी तो वेब सिरीजमधल्या दरोडेखोरांच्या अड्ड्याला मागे लावला, तर तो कुणाच्या तरी देवघराचा अपमान आहे. सजावट म्हणून केलं, हे उत्तर मला पटत नाही.

कायदा इथे तोकडा पडतो. 1957 चा कॉपीराइट कायदा चित्रपटाचा हक्क 60 वर्षं निर्मात्याकडे ठेवतो. गाणाऱ्याला कलावंत म्हणून काही हक्क आहेत. पण जी कथा पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाने सांभाळली, तिचा एकच लेखक दाखवता येत नाही, म्हणून त्या समाजाला या कायद्यात जागा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्याचं 31 वं कलम मौखिक परंपरांवर आदिवासींचा हक्क मानतं. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, तरी तो जाहीरनामा बंधनकारक नाही.

कायदा नसला तरी करार करता येतो. 2019 मध्ये आलेल्या हॉलिवूडच्या एका मोठ्या ॲनिमेशनपटासाठी निर्मात्यांनी नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमधल्या सामी या मूलनिवासी समाजाच्या संसदांशी आणि सामी परिषदेशी लेखी करार केला. सामी जाणकारांचा गट सल्ला द्यायला बसला, आणि चित्रपट उत्तर सामी भाषेतही निघाला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की करार समाजाच्या संस्थांशी झाला. एखाद्या म्हाताऱ्या गायकाला थोडे पैसे देऊन कागदावर अंगठा घेतला, याला परवानगी म्हणत नाहीत.

हिंदी पडद्यावर मराठी माणूस वर्षानुवर्षं कोण असायचा? घरकामाची बाई, नाहीतर हवालदार. आपल्याला ते बोचतं, आणि बोचायलाच हवं. पण आपल्याकडे नाटक आहे, वर्तमानपत्रं आहेत, स्वतःचा सिनेमा आहे, आपण उत्तर देऊ शकतो. राठवांकडे एवढी साधनं नाहीत, म्हणून आपली जबाबदारी जास्त.

तेव्हा तरुण मित्रांनो, होळीनंतर राठवांच्या कवांटच्या मेळ्याला चित्रीकरणाला जाणार असाल, तर दोन-तीन महिने आधी एकदा नुसतेच जाऊन या. भाषांचे अभ्यासक गणेश देवी यांनी 1996 मध्ये बडोद्यात सुरू केलेल्या ‘भाषा’ संस्थेची आदिवासी अकादमी तेजगढला, छोटा उदेपूरच्या वाटेवरच आहे. तिथे थांबा. गावात गेल्यावर घरधन्याला विचारा, बडव्याला विचारा. श्रेयनामावलीत नावं कशी द्यायची, मोबदला कुणाला आणि किती, हे आधी ठरवा. संकलन झालं की प्रदर्शनाआधी गावात बसून सगळ्यांना दाखवा, आणि ते काढा म्हणाले तर काढा. कुठलं गाणं, कुठला विधी कॅमेऱ्यासमोर आणायचा नाही, हे तर पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

नमस्कार.