हलका डेस्कटॉप की हाताला बसणारा?

(नागपुरात धरमपेठेत लिनक्सच्या नव्या वापरकर्त्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, बाहेर ऊन चढायच्या आत तुम्हाला मोकळं करतो, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि घराघरातले जुने लॅपटॉप एकदम 'आता याचं काय करायचं' या रांगेत आले. त्या लॅपटॉपवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी लिनक्स टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. टाकल्यावर पहिला फोन येतो, ''भाऊ, नोम घेऊ, केडीई घेऊ की एक्सएफसीई?'' हे सगळे लिनक्सचे डेस्कटॉप, म्हणजे मेनू, पट्टी, खिडक्या असं जे पडद्यावर दिसतं ते. मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न तयारच असतो, ''यातलं सगळ्यात हलकं कोणतं?'' माझं भांडण आहे ते या दुसऱ्या प्रश्नाशी.

जरा हिशेब करू. बर्डीवरून, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला जुना लॅपटॉप, चार जीबी रॅम. नुसता सुरू करून ठेवला, तर एक्सएफसीई साधारण अर्धा ते पाऊण जीबी घेतं, नोम एक जीबीच्या वर जातं. प्लाझ्मा, म्हणजे केडीईचाच डेस्कटॉप, बहुतेक वेळा या दोघांच्या मधे कुठेतरी असतं. म्हणजे तुमची बचत झाली साधारण अर्ध्या जीबीची. मग तुम्ही ब्राउझर उघडता. बँक, मेल, यूट्यूब, मुलीच्या कॉलेजचा फॉर्म, असे आठ-दहा टॅब झाले की दोन जीबी कधी गेले ते कळतही नाही, आणि ते सगळ्या डेस्कटॉपवर सारखेच जातात. दोन जीबीचं मशीन असेल तर हलकेपणाला अर्थ आहे. तिथे एलएक्सक्यूटी हा आणखी एक हलका डेस्कटॉप किंवा एक्सएफसीई घ्या, वाद नाही. पण चार जीबी आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर डेस्कटॉप बदलत बसण्यापेक्षा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवा. जो फरक पडेल तो कुठल्याही डेस्कटॉपने पडणार नाही.

मग निवडायचं कशावर? हाताच्या सवयीवर. लाइट गेली तरी आईचा हात मिठाच्या डब्यावर बरोबर जातो, डेस्कटॉप तसा असावा. आणि सवयीची ही गोष्ट मी मनाने सांगत नाहीये, या सगळ्या डेस्कटॉपांचा इतिहासच सवयीवरून झालेल्या भांडणांचा आहे.

केडीईची घोषणा माटियास एट्रिखने केली ती १४ ऑक्टोबर १९९६ ला. तारीख लक्षात आली ना? निव्वळ योगायोग, पण मजेचा. केडीई क्यूटी नावाच्या तयार कोडवर उभं होतं (बटणं, खिडक्या बनवायचं सामान), आणि त्याचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता, म्हणजे कुणीही हवा तसा बदलून वाटावा असा नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी नोम सुरू केलं. ते भांडण परवान्याचं होतं. सवयीचं भांडण पेटलं २०११ मध्ये, नोम ३ आलं तेव्हा. खालची पट्टी गेली, मेनू गेला, खिडकी लहान करायचं बटणसुद्धा गेलं. लोक इतके चिडले की कुणी जुनं नोम २ उचलून त्याचा माते नावाचा डेस्कटॉप केला, तर लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारवाल्यांनी नव्या नोमवरच जुन्या वळणाचा सिनॅमन नावाचा डेस्कटॉप उभा केला. लिनक्स ज्याने बनवलं त्या खुद्द लिनस टॉरवाल्ड्सने जाहीर वैताग केला आणि काही काळ एक्सएफसीईवर जाऊन बसला. पुढे नोमवर परतलाही, तो भाग लोक सांगत नाहीत! उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने त्याच काळात स्वतःचा युनिटी हा डेस्कटॉप आणला आणि २०१७ मध्ये तो गुंडाळून तेही नोमवर आले.

तर विंडोजवर हात बसलेल्या माणसाला, विशेषतः घरातल्या मोठ्या माणसांना, मी डोळे झाकून सिनॅमन देतो. डावीकडे खाली मेनू, उजवीकडे घड्याळ, प्रश्न मिटला. ज्याला प्रत्येक गोष्ट आपल्या मनासारखी करून पाहिजे त्याला केडीई. अर्थात असा माणूस पहिला आठवडा नुसत्या सेटिंगमध्येच घालवून राहते, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा. नोम चांगलं आहे, पण त्याच्या पद्धतीनेच वापरावं लागतं. अर्ध्या मनाने वापराल तर रोज खटकेल.

आता मराठीचं. परीक्षणांत याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि आपलं निम्मं काम तर इथेच आहे. पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे मशीनवर न टाकता, चालवून बघाल तेव्हा वॉलपेपर पाहू नका, इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी लावा आणि 'वऱ्हाड' लिहा. बी, मग शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई आणि डावा चौकोनी कंस. 'ऱ्ह' नीट जुळला पाहिजे. ब्राउझरमध्ये एकदा लिहा, लिब्रेऑफिसमध्ये एकदा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, देवनागरी बऱ्याचदा विस्कटते, तो राग डेस्कटॉपवर काढू नका. नोममध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलते, हे काम त्यांनी खरंच नेटकं केलंय. एक्सएफसीईत कीबोर्डच्या लेआउट टॅबमध्ये 'सिस्टम डीफॉल्ट वापरा' वरची खूण आधी काढावी लागते, नाहीतर मराठी जोडायचं बटण दाबलंच जात नाही. लोक तिथेच अडकतात. रोमनमधून मराठी टंकणारे असाल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांपैकी एखादा टंकलेखनाचा प्रोग्राम लागेल. केडीईत वेलँडवर ते 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या नावाखाली निवडायचं असतं. तिथे कोण शोधणार, बाप्पा?

वेलँडबद्दल एवढंच. पडद्यावर चित्र उमटवायची जुनी पद्धत एक्स११, ती १९८७ ची. वेलँड २००८ पासूनची. नोम आणि केडीई आता वेलँडवर पक्के बसलेत, सिनॅमन आणि एक्सएफसीईत ते अजून प्रायोगिक आहे. लॅपटॉपचा पडदा बारीक आणि बाहेरचा मॉनिटर मोठा असं असेल, दोन्हीकडे अक्षराचा आकार वेगवेगळा लागत असेल, तर पहिल्या दोघांपैकी एक घ्या. एकच पडदा असेल तर हा विषय विसरा.

मघाशी तिकडून एका काकांनी विचारलं, ''सगळेच टाकून पाहिले तर?'' टाका ना. लॉगिनच्या पडद्यावर चाकासारखं किंवा तसलंच एखादं चिन्ह असतं, तिथून कोणता डेस्कटॉप उघडायचा ते निवडता येतं. फक्त प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ता बनवा. एकाच खात्यात दोन-तीन फिरवले की थीम एकमेकांत मिसळतात, मेनूत तीन-तीन फाइल मॅनेजर दिसतात आणि पीडीएफ कशात उघडेल ते देवालाच ठाऊक. आणि काका, नको असलेला काढताना टर्मिनल जी लांबलचक यादी दाखवतं ती वाचूनच होय म्हणा. कधीकधी त्या यादीत लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रामही असतो. तो गेला तर पुढच्या वेळी मशीन काळ्या पडद्यावर नुसतं नाव विचारेल. नाव आणि पासवर्ड घाला, तो लॉगिनचा प्रोग्राम (उदाहरणार्थ लाइटडीएम) पुन्हा टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. फाइली जागच्या जागी असतात.